चिपचे कवच आणि मक्तेदारीचे कुलूप

गावचा मिस्त्री बंद पडलेले तेल-इंजिन खोलतो, तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. शिवणयंत्र उलगडून त्यातला दोष शोधणाऱ्या कारागिराला कोणी देशाच्या सुरक्षिततेचा शत्रू ठरवत नाही. यंत्र विकत घेतले की त्याच्या आत डोकावण्याचा हक्क ओघानेच येतो, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की तिचा उच्चार करण्याची गरजही कधी भासली नाही. परंतु ज्या वस्तूवाचून आज बँक, रेल्वे, रुग्णालय आणि रेशन दुकान चालत नाही, त्या सिलिकॉनच्या चिपला हा साधा न्याय लावायला प्रस्थापित मंडळी तयार नाहीत. चिप विकत घ्या, वापरा, बिघडली तर फेकून द्या. आत काय आहे ते मात्र विचारू नका, असा हा नवा धर्म आहे. या धर्माची आज्ञा मोडणारा एक लहानसा वर्ग जगभर विखुरलेला आहे. ही माणसे हौसेखातर चिपचे कवच काढतात, आतली रचना पाहतात आणि जे दिसले ते सर्वांना सांगतात. त्यांच्या या उद्योगाकडे आपल्या कार्यकर्त्यांनी गांभीर्याने पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम हा उद्योग म्हणजे काय ते समजून घेऊ. चिप म्हणून आपण जी काळी, धातूचे पाय असलेली चौकोनी वस्तू ओळखतो, ती खरी चिप नव्हेच. ते तिचे इपॉक्सीचे कवच. खरी चिप म्हणजे त्या कवचाच्या पोटातला, बहुधा नखाहूनही लहान असा सिलिकॉनचा तुकडा. केसाहून बारीक तारांनी तो बाहेरच्या पायांशी जोडलेला असतो. काही जुन्या चिपांना चिनी मातीचे कवच व त्यावर धातूचे झाकण असे. ते पात्याने उचकटता येते. इपॉक्सीचे कवच मात्र तीव्र नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्लात उष्णता देऊन विरघळवावे लागते. काही जण त्यासाठी उकळती राळही वापरतात. मोकळा झालेला तुकडा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो. सिलिकॉनमधून दृश्य प्रकाश आरपार जात नाही. त्यामुळे जीवशास्त्राच्या वर्गातला, खालून प्रकाश सोडणारा सूक्ष्मदर्शक येथे कुचकामी ठरतो. धातुशास्त्रात वापरतात तसा वरून प्रकाश टाकणारा सूक्ष्मदर्शक लागतो. मग शेकडो छायाचित्रे घ्यायची, ती कडेला कड लावून जुळवायची, गरज पडल्यास वरचा थर घासून खालचा उघडा करायचा आणि असा तयार झालेला नकाशा महिनोन् महिने वाचत बसायचे. हा ट्रान्झिस्टर, ही जोडणी, ही स्मृती, असे एकेक अक्षर लावीत जाण्याचे हे काम शिलालेख वाचण्याइतकेच चिकाटीचे आहे.

यातून साधते काय? एक उदाहरण पाहू. १९७५ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील एका प्रदर्शनाच्या वेळी मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने ‘६५०२’ नावाचा मायक्रोप्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मायक्रोप्रोसेसर त्या वेळी याच्या कित्येक पट महाग होते. संगणक घराघरांत आणि शाळांत पोहोचला, त्यात या स्वस्त चिपचा वाटा फार मोठा. अ‍ॅपल-२ तिच्यावर चालला, इंग्लंडचा बीबीसी मायक्रो तिच्यावर चालला. आणि १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक-साक्षरतेची ‘क्लास’ योजना सुरू केली, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवलेले यंत्रही बीबीसी मायक्रोच होते. ही मॉस टेक्नॉलॉजी १९७६ मध्ये कमोडोर कंपनीने गिळली आणि १९९४ मध्ये कमोडोरचेच दिवाळे वाजले. भांडवल आले तसे गेले. त्या चिपमध्ये साठलेल्या ज्ञानाचे काय? २००९ मध्ये तिघा अभ्यासकांनी ६५०२ चे कवच काढून तिची छायाचित्रे घेतली, साडेतीन हजारांच्या आसपास असलेले ट्रान्झिस्टर आणि त्यांच्यामधली प्रत्येक जोडणी रेखाटली, आणि २०१० मध्ये तो सबंध नकाशा संगणकाच्या पडद्यावर हालता करून जगाला मोफत देऊन टाकला. एखादी आज्ञा आली की विद्युत्प्रवाह कोठून कोठे वाहतो, हे आज कोणताही विद्यार्थी तेथे डोळ्यांनी पाहू शकतो. बाजाराच्या लेखी ज्याची किंमत उरली नव्हती, ते ज्ञान या माणसांनी समाजाच्या हवाली केले. याला निरुद्योगी श्रीमंतांचा छंद म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकाची व्याख्या एकदा तपासून पाहावी.

दुसरा आक्षेप अधिक जोरकसपणे घेतला जातो. तो असा की, कंपनीने कोट्यवधी खर्चून केलेली रचना उघडून पाहणे ही चोरी आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांना उद्योगाचा इतिहास ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून तो लपवायचा असावा. चिप उघडून पाहण्याची रीत हौशी मंडळींनी शोधलेली नाही. ती या उद्योगाच्या रक्तातच आहे. प्रतिस्पर्ध्याची चिप उघडणे हे कंपन्यांचे नित्यकर्म. अमेरिकेतील डिजिटल कंपनीच्या अभियंत्यांना तर आपली चिप सोव्हिएत प्रयोगशाळेत उघडली जाणार याची इतकी खात्री होती की, १९८० च्या दशकातील आपल्या एका मायक्रोप्रोसेसरवर त्यांनी रशियन भाषेत टोमणा कोरून ठेवला होता! १९८४ मध्ये अमेरिकेने चिपच्या रचनेला संरक्षण देणारा कायदा केला, तेव्हा त्यात अध्यापन, विश्लेषण आणि मूल्यमापन यांसाठी रचनेची नक्कल करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत ठेवली गेली. कारण तिच्यावाचून खुद्द कंपन्यांचे चालले नसते. आजही हा व्यवसाय राजरोस चालतो. २०२३ च्या सप्टेंबरात कॅनडातील टेकइनसाइट्स या व्यापारी संस्थेने ह्वावे कंपनीच्या नव्या फोनमधील चिप उघडली आणि ती चीनमधील एसएमआयसीच्या कारखान्यात सात नॅनोमीटर प्रक्रियेने बनली असल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या निर्बंधांना न जुमानता चीनने मजल कुठवर मारली आहे, हे जगाला कवच काढल्यामुळे कळले. त्या संस्थेला कोणी चोर म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणजे भांडवल असलेल्याने चिप उघडली की ते ‘विश्लेषण’, त्याच्या अहवालाला भरमसाट किंमत. आणि विद्यार्थ्याने उघडून फुकट सांगितली की ती ‘चोरी’! कृती तीच, आम्ल तेच, सूक्ष्मदर्शकही तोच. फरक आहे तो फक्त ज्ञानाची विक्री झाली की वाटप झाले, एवढाच. या दुटप्पीपणाला आम्ही नीतीचे नाव द्यायला तयार नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. रचना उघड झाली तर गुन्हेगारांचे फावेल, असे म्हणतात. याचे उत्तर हॉलंडच्या अनुभवात आहे. ‘मायफेअर क्लासिक’ नावाची चिप १९९४ मध्ये बाजारात आली. लंडनच्या प्रवाशांचे ऑयस्टर कार्ड, हॉलंडमधील सार्वजनिक वाहतुकीचे कार्ड, कित्येक इमारतींच्या दारांची कुलपे तिच्यावर विसंबून होती. तिची सांकेतिक लिपी एनएक्सपी कंपनीने गुप्त ठेवली होती. गुप्तता हीच सुरक्षितता, असा दावा होता. २००७ मध्ये कार्स्टन नोल, हेन्रिक प्लॉट्झ आणि त्यांचा एक सहकारी यांनी अशी कार्डे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून आतली चिप मोकळी केली, थर घासून छायाचित्रे घेतली आणि सुमारे दहा हजार तर्कद्वारांच्या गर्दीतून सांकेतिक लिपीचा भाग हुडकून काढला. त्या वर्षाच्या डिसेंबरात बर्लिनच्या मेळाव्यात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. लिपी तकलादू निघाली. तिची किल्ली अवघ्या ४८ बिटांची होती. पुढे नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी चिप न उघडता, वेगळ्या मार्गाने, तीच लिपी उलगडली. तेव्हा कंपनी त्यांचे प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयात गेली. १८ जुलै २००८ रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. हानी झालीच तर ती सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, तो दोष सांगितल्यामुळे नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. कोट्यवधी प्रवाशांच्या पैशांचे आणि शेकडो दारांचे रक्षण ठिसूळ कुलपाने होत होते, आणि ही गोष्ट कुलूप विकणाऱ्याने सांगितली नाही. कुलूप उघडून पाहणाऱ्यांनी सांगितली. सांकेतिक पद्धतीची सुरक्षितता तिच्या गुप्ततेवर अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच मांडून ठेवले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मक्तेदारांना ते पचत नाही, कारण गुप्ततेत त्यांचा नफा आहे.

कवच उघडण्याचे आणखी एक कारण आपल्या दुरुस्ती कारागिरांच्या पोटाशी निगडित आहे. कवचावर छापलेले नाव आणि पोटातला माल यांचा मेळ असेलच, असे नाही. अमेरिकन सिनेटच्या संरक्षण-विषयक समितीने २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केलेल्या चौकशीत लष्कराच्या पुरवठ्यात बनावट भाग शिरल्याची सुमारे १८०० प्रकरणे आढळली, आणि त्यांत एकूण दहा लाखांहून अधिक संशयित भाग होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराची ही कथा; मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच-दहा सुटे भाग घेऊन जाणाऱ्या दुरुस्तीवाल्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? २०१४ च्या प्रारंभी एका हौशी अभ्यासकाने एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीच्या नावाने विकली जाणारी अस्सल आणि नक्कल अशा दोन चिपा उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. नक्कल म्हणजे अस्सलची प्रत नव्हतीच. सोंग घेतलेला अगदी वेगळाच नियंत्रक आत बसवलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने काय केले? संगणकात आपोआप उतरणाऱ्या चालक-प्रणालीद्वारे नकली चिपांची ओळख पुसून त्या निकामी करण्याचा सपाटा लावला. ओरड झाल्यावर तिला माघार घ्यावी लागली. नक्कल करणारा दूरच राहिला. शिक्षा झाली ती विश्वासाने वस्तू विकत घेणाऱ्या ग्राहकाला. हौशी माणसाने सत्य दाखवले, कंपनीने सूड उगवला. समाजाला यांतले कोणते वर्तन हवे आहे?

आता आपल्या घरी येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. जून २०२३ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या साणंद येथील प्रकल्पाला मंजुरी मिळाली. प्रकल्पाचा खर्च २७५ कोटी डॉलर. त्यातला ५० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के गुजरात राज्याचा. शंभर रुपयांतले सत्तर रुपये जनतेचे, मालकी मात्र कंपनीची! आणि हा कारखाना करणार काय? चिप घडवणार नाही. दुसरीकडे घडलेल्या चिपांची जुळणी करून, त्या तपासून, त्यांवर कवच चढवणार. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी आणखी तीन प्रकल्प मंजूर झाले; त्यांपैकी ढोलेराचा एक चिप घडवण्याचा, तर आसामातील मोरीगाव आणि साणंद येथील उरलेले दोन पुन्हा जुळणी, चाचणी आणि कवच यांचेच. कवच चढवण्याचे काम हलके आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यातही कौशल्य आहे आणि त्यातून रोजगारही निर्माण होईल. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या कवचासाठी जनता आपला पैसा ओतते, ते कवच काढून आत पाहण्याचे शिक्षण जनतेच्या मुलांना देण्याची अट या करारांत कोणी घातली काय? हजारो अभिकल्पक अभियंते तयार करण्याची सरकारची स्वतंत्र योजना आहे. ती स्वागतार्हच आहे. परंतु केवळ लिहायला शिकवून वाचायला न शिकवणारी साक्षरता कोणत्या गुरुजींनी मान्य केली असती?

कायद्याचे म्हणाल, तर तो आपल्या बाजूने आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराची पूर्तता म्हणून संसदेने २००० मध्ये चिपच्या रचनेला दहा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा केला. त्याच कायद्यात शास्त्रीय मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन आणि अध्यापन यांसाठी केलेली नक्कल हा भंग मानला जाणार नाही, असे नमूद आहे. म्हणजे हक्क आहे. परंतु कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर समाजवाद्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पंचतारांकित हॉटेलात उतरण्याचा हक्क गिरणी कामगारालाही आहेच! चिप उघडण्याचा हक्क बजावायला वरून प्रकाश टाकणारा सूक्ष्मदर्शक लागतो, विषारी वाफा ओढून नेणारी पेटी लागते, आम्लाची विल्हेवाट लावण्याची सोय लागते आणि अनुभवी शिक्षक लागतो. ही साधने आपल्या जिल्ह्याच्या गावच्या तंत्रनिकेतनातील मुलाने कोठून आणावीत?

येथे एक इशारा स्पष्टपणे दिला पाहिजे. हे काम घरात, गच्चीवर किंवा स्वयंपाकघरात करण्याचे नव्हे. तीव्र नायट्रिक आम्लाच्या वाफा फुप्फुसे जाळतात आणि त्यांचा खरा परिणाम कधी कधी कित्येक तासांनी दिसतो. थर काढण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून थेट हाडापर्यंत पोहोचते. त्याने माणूस दगावू शकतो. काही जण हाच धोका पुढे करून सबंध उद्योगच बंद करा म्हणतील. त्यांना आमचा प्रश्न आहे : दिल्लीच्या सीलमपुरात आणि मुरादाबादेत टाकाऊ संगणकांच्या पाट्या आम्लात बुडवून त्यांतले तांबे-सोने काढणारे मजूर तुम्हाला कधी दिसले नाहीत काय? या देशात गरीब माणूस पोटासाठी उघड्या हातांनी, तोंडावर फडकेही न बांधता, वर्षानुवर्षे याच आम्लांशी खेळतो आहे. चिपच्या पोटातले सोने काढण्यासाठी त्याचा जीव स्वस्त, आणि चिपच्या पोटातले ज्ञान काढायचे म्हटले की मात्र सुरक्षिततेचा कळवळा! धोका खरा आहे, म्हणूनच हे काम सार्वजनिक प्रयोगशाळेत, नियमांखाली आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. आणि तीच सुरक्षितता सीलमपूरच्या मजुरालाही मिळाली पाहिजे.

सार्वजनिक प्रयोगशाळेचा आग्रह धरण्याला दुसरेही एक शास्त्रीय कारण आहे. ६५०२ वरील रेषा सुमारे आठ मायक्रॉन, म्हणजे ८००० नॅनोमीटर रुंदीच्या होत्या. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या स्वच्छ दिसतात. आजच्या फोनमधील चिपांची रचना प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी बारीक आहे. ती पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणजे चिप जसजशी सूक्ष्म होत जाते, तसतसा हौशी माणसाचा डोळा आंधळा होत जातो आणि पाहण्याची शक्ती भांडवलाच्या हाती एकवटते. जुन्या चिपा वैयक्तिक चिकाटीने उघडता आल्या. नव्या उघडायच्या तर साधनांची मालकी सामाजिक असल्यावाचून गत्यंतर नाही. उत्पादनाच्या साधनांविषयी जे आपण आजवर सांगत आलो, तेच ज्ञानाच्या साधनांनाही लागू पडते.

बंद कवचाला पर्याय नाही, असेही कोणी समजू नये. मद्रासच्या आयआयटीने सार्वजनिक पैशातून ‘शक्ती’ या मायक्रोप्रोसेसरची रचना केली आणि ती जगाला खुली करून दिली. २०१८ मध्ये तिच्यावर आधारलेली चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत, म्हणजे सार्वजनिक मालकीच्याच प्रयोगशाळेत, घडवली गेली. जनतेच्या पैशाने जनतेला वाचता येणारी चिप बनवता येते, हे सिद्ध झालेले आहे. उणीव आहे ती राजकीय इच्छाशक्तीची.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि रोखठोक आहेत. पहिली, प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शासकीय तंत्रनिकेतनात चिप उघडून वाचण्याची सुरक्षित प्रयोगशाळा असावी, आणि तिची दारे विद्यार्थ्यांबरोबर दुरुस्ती कारागिरांनाही खुली असावीत. दुसरी, विद्यापीठांतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांवर अशा कामासाठी ठराविक वेळ राखून ठेवावा. तिसरी, शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चिप-कंपनीवर आपल्या बाजारातून बाद झालेल्या चिपांचे नकाशे ठराविक मुदतीनंतर सार्वजनिक करण्याचे बंधन घालावे. चौथी, २००० च्या कायद्याने दिलेला अभ्यासाचा हक्क विक्रीच्या करारातील बारीक अक्षरांनी हिरावून घेता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद करावी. पाचवी, ओळखपत्र, रेशन, प्रवास अशा सार्वजनिक कामासाठी सरकार जी चिप विकत घेईल, तिची स्वतंत्र तज्ज्ञांकडून कवच उघडून तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल प्रसिद्ध व्हावा.

साथींनी हा विषय तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींना हे प्रश्न विचारायला लावणे, जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात जाऊन प्राचार्यांशी बोलणे, दुरुस्ती कारागिरांची सभा घेणे ही कामे कोणत्याही शाखेला उद्यापासून करता येण्याजोगी आहेत. जमिनीचा सातबारा वाचता येत नव्हता तोवर कूळ सावकाराच्या शब्दावर विसंबून राहिले, आणि नागवले गेले. या युगाचा सातबारा सिलिकॉनवर कोरलेला आहे. तो वाचायला शिकणे आणि इतरांना शिकवणे, हे आपल्या चळवळीचे काम आहे.